दामदुप्पट : सावकारी शब्दांची फिरलेली बाजू

भारतीय साहित्यशास्त्राच्या तासाला व्याजस्तुती अलंकार आला की वर्गात हमखास एक प्रश्न येतो. वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा याच्या उलट, अशी व्याख्या सांगून झालेली असते. ‘व्याज’ म्हणजे मिष, बहाणा, हेही सांगून झालेले असते. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते : मग बँकेचे व्याज आणि हे व्याज एकच का? वर्ग हसतो, आम्हीही हसतो आणि पुढच्या अलंकाराकडे वळतो. गेली कित्येक वर्षे आम्ही हा प्रश्न असाच टोलवत आलो.

यंदा तो टोलवता आला नाही, याला दोन कारणे घडली. आमच्यापैकी बहुतेक जण १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेले. त्या तारखेनंतर लागलेल्यांना महाराष्ट्रात जुने निवृत्तिवेतन न राहता परिभाषित अंशदान योजना लागू झाली. तिचा उतारा हाती पडला, त्यात युनिट होते, निव्वळ मालमत्ता मूल्य होते, समभाग, सरकारी रोखे, कर्जरोखे आणि शेवटी वार्षिकी होती. शिक्षक कक्षात मराठीचे पाच पदव्युत्तर बसलेले, आणि स्वतःच्या म्हातारपणाचा तो कागद एकालाही धड वाचता येईना. दुसरे कारण अधिक गंभीर. महाविद्यालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, अर्ज लिहून घ्यायला आले. मराठीच्या प्राध्यापकाकडे गावातले लोक कवितेसाठी क्वचित आणि अर्जासाठी नेहमी येतात. मामांनी निवृत्तीच्या रकमेतला मोठा भाग एका ‘दामदुप्पट’ योजनेत ठेवला होता आणि कार्यालयाला कुलूप लागले होते. अर्जात तो शब्द लिहिताना आमच्यापैकी एकाची लेखणी अडली. हा शब्द तर आपण इतिहासात वेगळ्याच अर्थाने वाचला आहे, असे त्याला आठवले. प्रस्तुत लेख त्या अडखळण्यातून निघाला आहे.

दामदुप्पट किंवा दामदुपट हा मुळात ऋणकोच्या बाजूचा शब्द. एका वेळी वसूल करायचे व्याज मुदलाहून अधिक होता कामा नये, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून दामाच्या दुपटीपलीकडे धनकोने हात घालू नये, असा हा निर्बंध होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे, आणि धान्य, लोकर यांसारख्या वस्तूंच्या कर्जाला पाचपटीची मर्यादा आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हिंदू कायद्याचा भाग म्हणून हा नियम चालू ठेवला. त्यात एक बारकावा आहे, तो पुष्कळदा सुटतो. आयुष्यभरात एकूण व्याज किती द्यावे यावर हा नियम बंधन घालत नसे. वेळोवेळी व्याज फेडणाऱ्या माणसाकडून मुदलाच्या कितीतरी पट पैसा सावकाराकडे जाऊ शकत असे. थकलेले व्याज साचत साचत मुदलाइतके झाले, की ते तिथे थांबे, एवढेच. तरीही तो थांबा होता. ज्याला हप्ता देणे जमलेच नाही, त्याच्या डोक्यावरचा आकडा अमर्याद वाढणार नाही, याची हमी त्या एका शब्दात होती.

आज हाच शब्द वृत्तपत्रांत दोनच ठिकाणी भेटतो. एक जाहिरातीत, दुसरा ‘दामदुप्पट योजनेच्या आमिषाने फसवणूक’ अशा मथळ्यात. थांबा होता त्याचे आमिष झाले. जो शब्द उच्चारून कुळाने न्यायाधीशापुढे हात जोडायचे, तोच आता गुंतवणूकदाराच्या कानात कुजबुजला जातो. शब्द तोच, रक्कमही तीच. शब्दाने बाजू तेवढी बदलली. अर्थविस्तार आणि अर्थसंकोच यांची उदाहरणे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहितो. बाजू बदलण्याला मात्र आमच्या टिपणांत वेगळे नाव नाही.

एकदा हे लक्षात आल्यावर इतर शब्दांकडेही तसेच पाहावेसे वाटले. चक्रवाढ घ्या. हा मनुस्मृतीतलाच ‘चक्रवृद्धि’ शब्द, आणि तिथे तो निषिद्ध व्याजप्रकारांच्या यादीत येतो. व्याजावर व्याज चढवणे हे धर्माला सोडून मानले होते. मराठी कथा-कादंबऱ्यांतला सावकारही चक्रवाढीनेच घर गिळतो. ग्रामीण साहित्य शिकवणाऱ्याला उदाहरणे सांगायला नकोत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र ‘चक्रवाढीची जादू’ हा गुंतवणुकीच्या प्रचाराचा लाडका शब्दप्रयोग झाला. गणित बदललेले नाही. सावकाराच्या वहीत ज्या वेगाने आकडा फुगत असे, त्याच वेगाने तो आता आपल्या खात्यात फुगावा, अशी आपली इच्छा आहे. त्यात गैर काही नाही. पण चक्राच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी ऋणको आहे, हे ‘जादू’ म्हणताना नजरेआड होते.

या गणिताची एक सोपी युक्ती आम्हाला आमच्याच महाविद्यालयातील वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी सांगितली, ती मामांनाही आधी कळायला हवी होती. ७२ या आकड्याला दुप्पट होण्याच्या वर्षांनी भागले की चक्रवाढीचा वार्षिक दर अदमासे मिळतो. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. म्हणजे दर शेकडा तेराच्या आसपास. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या शेकडा साडेसात दराने त्याच पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे जवळजवळ साडेनऊ वर्षे लागतात. हीसुद्धा दामदुप्पटच, पण मागे सरकार उभे असलेली. आता कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला, तर तो शेकडा चोवीस देऊ म्हणतो आहे. तो स्वतः कुठून कमावणार, हा प्रश्न मामांनी विचारला नव्हता. खरे सांगायचे तर आमच्यापैकी एकानेही तो कधी विचारला नसता.

जुन्यांना हा प्रश्न पडत असे. कौटिलीय अर्थशास्त्रात व्याजाचे दर दिले आहेत : शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्माला धरून, व्यापारी कर्जावर पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांकडून दहा, समुद्रावर जाणाऱ्यांकडून वीस. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा पंधरापासून दोनशे चाळीसपर्यंत. चोर, श्वापदे, वादळे यांची किंमत त्या चार आकड्यांत बसवलेली आहे. अधिक परतावा म्हणजे अधिक जोखीम, हे आज प्रत्येक माहितीपत्रकात छापले जाणारे वाक्य इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दिसेल.

‘जोखीम’ हा शब्दही मुळात जोखण्याशी, तोलण्याशी नाते सांगतो. जुन्या मराठीत तो दुहेरी होता. जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजे जिला धोका आहे ती मोलाची वस्तू, अंगावरचे दागिने किंवा जवळची रोकड. ‘जवळ जोखीम आहे’ असे म्हणून माणूस रात्रीचा प्रवास टाळत असे. मौल्यवान आहे म्हणूनच धोक्यात आहे, हा अर्थ एका शब्दात मावला होता. व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकारच होता. माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी सकारायची. वाटेत बुडाला तर पैसे बुडाले. कर्ज, पैशाची पाठवणी आणि विमा असे तीन व्यवहार त्या एका कागदात होते. दर्शनी हुंडी दाखवताच सकारायची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर, शाहजोग हुंडी प्रतिष्ठित सावकाराच्या हातीच द्यायची. नावावरूनच कागदाचा स्वभाव कळावा अशी ही भाषा. हुंडीच्या बट्ट्याला हुंडणावळ म्हणत आणि पुढे रुपया-पौंडाच्या दरालाही मराठी पत्रांनी हाच शब्द लावला. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स, हा वाद १९२७ पर्यंत गाजला, डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ चा. त्या काळच्या मराठी वाचकाला हुंडणावळ चढली-उतरली म्हणजे काय हे समजत होते. ‘विनिमय दर’ आला आणि ती गेली. विनिमय दर हा शब्द अचूक आहे, याबद्दल तक्रार नाही; पण दळणावळ, शिवणावळ यांच्या पंगतीत बसणारा, मेहनतीचा मोबदला सुचवणारा तो प्रत्यय आम्हाला हवाहवासा वाटतो.

मराठीतील अर्थव्यवहाराची भाषा शुद्ध कधीच नव्हती, हेही सांगायला हवे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश सिद्ध केला, त्याने दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बाजाराने मात्र आपले जमा, खर्च, कर्ज, रक्कम, बाकी, नफा, हप्ता, मुदत, जामीन, दलाल सोडले नाहीत. त्यांच्या शेजारी गहाण, तारण, ठेव, तोटा हे आपले शब्द सुखाने नांदले. तेजी-मंदी ही जोडी पाहावी : तेजीचा तेज फारसीतला आणि मंदीचा मंद संस्कृतातला. दोन भाषांचे पाय जोडून हा शब्द बाजारात चालतो आणि कोणाला खटकत नाही. बाजाराला शुद्धतेपेक्षा समोरच्याला कळण्याची गरज अधिक. न कळलेल्या शब्दावर सौदा होत नाही. निदान होत नसे.

‘भांडवल’ हा शब्द त्याच बाजारातला. संस्कृतात भाण्ड म्हणजे घरातले भांडे, तसाच व्यापाराचा मालही, आणि मालरूपाने असलेल्या धनाला ‘भाण्डमूल्य’ म्हणत. भांडवलाचे मूळ तिकडे शोधले जाते. मुद्दल आणि व्याज मिळून ‘रास’ होते, हे आपण शाळेच्या अंकगणितात शिकतो आणि रास खळ्यावरची असते हे विसरतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) याच रासेचे गणित आहे : दरमहा शेकडा पाच दराने वर्षाअखेर मूळ आणि व्याज मिळून हजार झाले, तर दोन्ही वेगळे सांगा. उत्तर, मूळ ६२५ आणि व्याज ३७५. तिथे व्याजाला शब्द आहे ‘कलान्तर’. इतर ठिकाणी वृद्धि आहे, कुसीद आहे. मग मराठीत व्याजच का रुळले? अर्थशास्त्रात टांकसाळीच्या प्रकरणात शेकडा पाच दराने घ्यायच्या ‘व्याजी’ नावाच्या वरकड आकाराचा उल्लेख आहे. काही निमित्त सांगून मूळ रकमेवर वरचे घ्यायचे, हा त्या शब्दाचा गाभा दिसतो, आणि मिष हा अर्थही तिथून फार दूर नाही. मागच्या बाकावरच्या प्रश्नाला आमचे उत्तर आता असे : एकच असावे, आणि तुझा प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या भाषेवर दोन दिशांनी नवे संस्कार झाले. एक ग्रंथांचा. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. इंग्रजी अर्थशास्त्र मराठीत आणण्याचे हे आरंभीचे प्रयत्न. सुशिक्षितांनी पुस्तकातून शब्द घडवले. दुसरा संस्कार मुंबईच्या रस्त्यावर झाला आणि तो पुस्तकांना विचारून झाला नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला गेला आणि त्या पैशाने बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या खेळातील सर्वांत मोठे नाव. पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घेण्या-देण्याचे वायदे झाले आणि १ जुलै १८६५ ही फेडीची तारीख ठरली. ‘वायदा’ म्हणजे अरबीतून आलेले वचन. युद्ध एप्रिल १८६५ मध्ये संपले, कापूस कोसळला, आणि जुलैच्या त्या तारखेला वचन पाळण्याइतका पैसा शहरात उरला नव्हता. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारात राजाबाई मनोऱ्याखाली ज्यांनी कधी काळी परीक्षेची चिंता वाहिली, त्यांनी हेही स्मरणात ठेवावे की तो मनोरा आणि खालचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या चार लाखांच्या देणगीतून उभे राहिले आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेला पैसा तेवढा टिकला. असो.

‘शेअर’ हा शब्द त्या चार वर्षांत मुंबईच्या बोलीत असा मुरला, की पुढे घडवलेला ‘समभाग’ कोशात आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांत राहिला आणि माणसाच्या तोंडी शेअरच उरला. आमच्याकडे ‘पाती’ हा जुना शब्द होता. धंद्यात पाती असणे म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असणे. शेअर म्हणजे पातीच. फरक इतकाच, की तिचे लहान लहान तुकडे करून अनोळखी माणसाला विकता येतात, आणि कंपनी बुडाली तर गुंतवलेल्या रकमेपलीकडे तुमच्या घरादारावर टाच येत नाही. हा ‘पाती’ शब्द टिकता, तर शेअर घेणाऱ्याला आपण भागीदार झालो आहोत, ठेवीदार नव्हे, हे सांगावे लागले नसते.

त्याच कापसाची दुसरी कहाणी मुंबईबाहेर घडली. तेजीत पुणे-नगरच्या शेतकऱ्याला सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. भाव पडले, कर्ज राहिले, शिवाय सारा वाढला आणि सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. त्यांना कर्जखते आणि वह्या हव्या होत्या आणि त्या मिळाल्या तिथे त्यांनी जाळल्या. त्यांच्या आधी दोनशेहून अधिक वर्षे देहूच्या एका सावकाराच्या मुलाने आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवल्याची कथा महिपतीने सांगितली आहे, ती या जळत्या कागदांशेजारी ठेवून पाहावी. तिथे धनकोने स्वतः कागद बुडवला, इथे ऋणकोने जाळला. कागदाची सत्ता मात्र दोघांनाही सारखीच ठाऊक होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खतावरच्या आकड्यावर न थांबता त्यामागचा सगळा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार दिला.

या जुन्या खतांची एक रीत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आरंभी दोन नावे येत : धनकोनाम अमुक, रिणकोनाम तमुक. मग रक्कम, मग व्याज, मग मुदत, मग साक्षी. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला त्या कागदाने लुबाडले, हे खरेच आहे आणि त्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण देणारा कोण, घेणारा कोण, हे पहिल्या दोन ओळींत उघड होते. आता आपल्या पिढीचा कागद घ्यावा. ‘रोखा’ म्हणजे तेच खत. सरकारी रोखे म्हणजे सरकार ऋणको आणि आपण धनको, कर्जरोखे म्हणजे कंपनी ऋणको आणि आपण धनको. मुदत ठेवीत बँक ऋणको. शेअरमध्ये ऋणको कोणीच नाही, कारण ते कर्जच नाही. हे चार शब्द एका रांगेत, एकाच टंकात ‘गुंतवणुकीचे प्रकार’ म्हणून छापले जातात आणि वाचणाऱ्याला ते एकाच जातीचे वाटतात. आम्हालाही वाटले होते.

‘गुंतवणूक’ या शब्दाबद्दल थोडेसे विषयांतर. इंग्रजी इन्व्हेस्टमेंटच्या मुळाशी लॅटिनमधले वस्त्र आहे. पैशाला नवा पोशाख चढवायचा, अशी ती कल्पना. इंग्रजीत पैशाच्या अर्थाने तो शब्द रुळला तो सतराव्या शतकाच्या आरंभी, पूर्वेकडील व्यापाराच्या पत्रव्यवहारात. ईस्ट इंडिया कंपनी येथे माल खरेदी करण्यासाठी लावत असलेल्या पैशाला हेच नाव होते. म्हणजे तो शब्द एका अर्थी आपल्या सुरतेच्या वखारीतूनही गेला आहे. मराठीने मात्र कपड्यांचा विचार केला नाही. दोरा गुंततो, पाय गुंततो, मन गुंतते, तसा पैसा गुंततो. सोडवायला वेळ लागतो आणि कधी तोडावाही लागतो. ‘रोकडसुलभता’ हा कोशातला शब्द जे सांगतो, ते ‘पैसा मोकळा आहे का?’ या घरगुती प्रश्नात अगोदरच आहे.

निव्वळ मालमत्ता मूल्याची गोष्ट या संदर्भात शिकवण्यासारखी आहे. अनेकांचा पैसा एकत्र करून शेअर आणि रोखे घ्यायचे, त्यांची त्या दिवशीची बाजारातील किंमत काढायची, देणी वजा करायची आणि एकूण युनिटांनी भागायचे. उत्तर ते निव्वळ मालमत्ता मूल्य. युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना, जिला लोक ‘युनिट चौसष्ट’ म्हणत, मध्यमवर्गात ठेवीसारखीच मानली गेली. शिक्षक, कारकून, निवृत्त मंडळी तीत होती. तिचा भाव मात्र अशा भागाकाराने ठरत नसे; तो जाहीर केला जाई. जाहीर भाव आणि आतली मालमत्ता यांतील अंतर वाढत गेले आणि जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली. ‘युनिट’ हा परका शब्द कोणी उकलून पाहिला नाही. त्यात ठेवीचा अर्थ लोकांनी आपल्या मनाने भरला आणि तसे होऊ देणे सर्वांच्याच सोयीचे होते.

‘पत’ या शब्दानेही असाच दगा दिला आहे. पत म्हणजे माणसाच्या शब्दाची किंमत. पैशाच्या आधी ती अब्रूशी बांधलेली. पतपेढी आणि पतसंस्था या नावांत ती अब्रू उसनी घेतलेली असते. १९०४ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या सहकारी चळवळीने खेड्यापाड्यांतील असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून सोडवले, हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे कवच असते, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतचे. सहकारी पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. पाटीवर दोन्हीकडे सहकारी असते, दोन्हीकडे दारात ओळखीचा माणूस बसलेला असतो. फरक एका शब्दात आहे, आणि तो शब्द वाचून कोणी घाबरेल असा नाही.

आता आमचा उतारा. त्यातील वार्षिकी म्हणजे निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतील ठरावीक हिस्सा विमा कंपनीला देऊन टाकायचा आणि बदल्यात नियमित रक्कम घेत राहायची. हा शब्द घडवणाऱ्यांनी पेशवाईतील ‘वर्षासन’ कसे विसरले, याचे नवल वाटते. विद्वानाला, देवस्थानाला दरसाल बांधून दिलेली नेमणूक ते वर्षासन. शब्द उच्चारताच दर वर्षी मिळायचे आणि बसल्या जागी मिळायचे हे कळते. कदाचित विसरले नसतीलही. वर्षासन कोणी तरी देत असे आणि देणाऱ्याचे नाव सनदेवर असे. वार्षिकी आपण आपल्याच पैशाने विकत घेतो.

मामांचा अर्ज अखेर लिहून झाला. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, त्याच्या आधारे लिहायचा म्हणून आम्ही त्यांच्याकडची मूळ पावती मागितली. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी ती काढून दिली. पावतीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘दामदुप्पट’ छापले होते. खाली, बारीक टंकात, मिळालेल्या रकमेपुढे ‘ठेव’ हा शब्द नव्हता. ‘सहभाग रक्कम’ असे होते. देणाऱ्याच्या रकान्यात मामांचे नाव सुवाच्य अक्षरांत भरलेले होते. घेणाऱ्याच्या जागी एक रबरी शिक्का होता, तोही अर्धवट उमटलेला. तो वाचायला आम्ही तिघे जण खिडकीपाशी गेलो.